सहावी काच

रविवार, १७ जानेवारी १९४३
बेळगाव

लिहायचं, लिहायचं म्हणून सोळा दिवस गेले! मारुतीरावांनी ही वही एक तारखेलाच हातात दिली होती. म्हणाले, "फोटोच्या कुठल्या काचेला किती उजेड दिला, झाकण किती वेळ काढलं, रोजच्या रोज लिहून ठेव. तुझ्या डोक्यात काय ऱ्हात न्हाय." खरंच राहत नाही. दोन तारखेला कुस्त्या होत्या. तीनला कुस्तीत पडलेल्या पैलवानाचा फोटो काढायला गेलो, तर त्याच्याशीच बोलत बसलो. चारला शाई सांडली. पुढचं आठवत नाही.

तर आज बसलो. खडेबाजारात माडीवर मारुतीरावांचा स्टुडिओ. मला इथं नववा महिना. एका जागी नऊ महिने मी याआधी फक्त आईच्या पोटात काढले असतील! नाटक कंपनीत पडदे ओढले, सायकलीच्या दुकानात पंक्चरं काढली, शाळा मराठी पाचवी आणि इंग्रजी दीड वर्ष. पण अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली काचेवर माणूस हळूहळू उमटायला लागतो ना — ते बघायचा कंटाळा अजून आलेला नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. कॅम्पातल्या एका साहेबाची रद्दी आली, काचा गुंडाळायला. त्यात एक पान. रात्रीचं आभाळ, आणि त्यात तारे नाहीतच. रेघा! एकात एक बांगड्या ठेवल्यागत गोल रेघा, आणि मधोमध एक ठिपका. मारुतीरावांना दाखवलं. "तो ध्रुव. बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. झाकण काढून दोन-चार तास बसायचं, बस्स. आमच्यात कुणाला येवढा वेळ हाय?"

मला आहे!

अमावास्येच्या सुमारास हिंडलग्याच्या रस्त्याला जुना कॅमेरा घेऊन बसलो होतो, उरलेल्या दोन चिरलेल्या काचांतली एक घालून. तुरुंगाच्या भिंतीवरचे दिवे. सगळी काच करपली. दुसऱ्यांदा येळ्ळूरच्या बाजूला गेलो, तिथं दव पडलं. भिंगावर पाणी, काचेवर दूध सांडल्यागत पांढरं. आता चिरलेल्या काचा संपल्या. चांगल्यांना हात लावलास तर हात मोडीन म्हणालेत. लढाईमुळं काच मिळतच नाही.

मंगळवार, १९ जानेवारी

तीन बाळं, एक लग्न. बाळं हलली. लग्नवाले हलले नाहीत, नवरी तर श्वासही घेत नव्हती.

रविवार, ३१ जानेवारी

मारुतीरावांची कंबर धरली आहे. निपाणीच्या अलीकडचे बाळगोंडा पाटील, त्यांच्या बैलजोडीनं शर्यत मारली म्हणून फोटो हवा आहे. मला जायचंय! एकट्यानं! मोठा कॅमेरा घेऊन!

"सहा काचा देतोय," मारुतीराव म्हणाले. "पाचात काम कर. सहावी जशीच्या तशी परत आण. ऐकायलास का?"

ऐकलं. कॅलेंडरही बघितलं. गुरुवारी अमावास्या.

बुधवार, ३ फेब्रुवारी
पाटलांचा मळा

आत्ताच लिहून घेतो. दिवस मावळला की या घरात दिवा लागत नाही.

पाटील जैन, आणि नेमाचे कडक. गावचे पोलीस पाटीलही तेच, पण राहतात गावाबाहेर मळ्यात. बारा वर्षांपूर्वी मुनिमहाराजांपुढं नेम घेतला — सूर्य बुडाला की चूल नाही, दिवा नाही, तोंडात घास नाही. दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून. "अंधारात काय करता मग, आप्पा?" मी विचारलं. "झोपतो. तुमी बेळगावचे काय करता, दिवा लावून?"

बैलांनी तीन काचा खाल्ल्या! एक हलला की दुसरा बघतो कोण हललं. तिसऱ्या वेळी पाटलांनी दोघांच्या कानात कन्नडात काहीतरी सांगितलं, तेव्हा उभे राहिले. देखणे आहेत बाकी. डावा पांढराशुभ्र, उजव्याच्या कपाळावर पानाएवढा काळा डाग. मग एक काच पाटलांची, फेटा बांधून. एक पाटील आणि चंपाबाईंची. चंपाबाई म्हणजे त्यांची बायको, डोळे मिटायच्याच. घरात सून आहे, तारामती. मी म्हटलं सगळ्यांचा घेऊ या की. पाटील म्हणाले, "सून नको." चंपाबाई घाईनं म्हणाल्या, "ल्योक पुण्याला असतोय न्हवं, त्यो आला की जोडीनं काढू." पाटील बैलांकडं बघत राहिले.

पाच झाल्या. सहावी पेटीत आहे.

जागा अशी की पुन्हा मिळणार नाही. कोसभर दिवा नाही. अंगणात उभं राहून उत्तरेला तोंड केलं की डावीकडं घराचा कोपरा, मधे खळं, उजवीकडं लांब तंबाखूची खोप. खोपीच्या वर एका वितीवर ध्रुव येणार. आपल्याकडं तो खालीच असतो, म्हणून भुईसुद्धा चित्रात घ्यावी लागते. घेऊ की! पाटलांना विचारलं. म्हणाले, "चांदण्यांचा फोटू? काढ बाबा. त्या बैलांवानी हलायच्या न्हाईत." मी म्हटलं, हलतात म्हणूनच तर काढायचाय! त्यांना पटलं नाही.

दवाचा उपाय तारामतीनं दिला. मीच विचारत होतो, भिंग गरम कसं ठेवायचं. ती चुलीतली गरम राख गाडग्यात भरून घेऊन आली. "हे पेटीच्या खाली टांगा, दादा. इस्तू न्हाय, नुसती धग हाय."

मग जरा थांबली. पदर धरून म्हणाली, "रातभर ही पेटी उघडीच ऱ्हानार?"

"व्हय."

"म्होरनं कोन चाललं तर उमटतंय का त्यात?"

"न्हाय वैनी. अंधारात चालतं माणूस उमटतच न्हाय. तुम्ही नाचत गेलासा तरी दिसायच्या न्हाईसा!"

ती हसली नाही. गेली.

सूर्य टेकला. भाकरी, हरभऱ्याची भाजी, वाटीभर तूप. पुढचं उद्या.

गुरुवार, ४ फेब्रुवारी, सकाळ

झोपलो! लाज वाटते. झाकण काढलं, वर बघितलं — इतके तारे, की मला वाटलं काचेत मावायचे नाहीत. दोन तास मोजायचे ठरवून घोंगडं ओढून बसलो. खोपीकडून कुणीतरी खोकत होतं. राखणदार असेल म्हटलं, त्याच्याशी जाऊन बोलावं का? पण उठलो तर स्टँडला धक्का लागेल. नंतरचं ठाऊक नाही. जाग आली तेव्हा सप्तर्षी पार उलटे झाले होते. झाकण लावलं. पाच तास तरी झाले असतील. दव नाही! राख अजून कोमट होती.

निघताना पाटलांना सहज म्हटलं, "तुमचा राखणदार लई खोकतोय, आप्पा."

"खोपीला राखणदार न्हाय," ते म्हणाले. "यंदाचा माल कवाच वखारीत गेला." आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग कोण खोकत होतं? मोटारीची वेळ झाली, राहून गेलं विचारायचं.

शनिवार, ६ फेब्रुवारी

उमटले! उमटले! अंधाऱ्या खोलीत एकटाच ओरडलो. काचेवर सगळं उलटं असतं — रात्र पारदर्शक, तारे काळे. काळ्या कमानीवर काळ्या कमानी, आणि मधे ध्रुव, तोही अगदी ठिपका नाही, इवलीशी कमानच! म्हणजे ध्रुवही थोडा फिरतो. हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

मारुतीराव आले ते सहावी काच कुठाय म्हणत. मी ओली काच पुढं धरली. कान धरलाच त्यांनी, पण डोळे काचेवर. बराच वेळ कान तसाच धरून उभे होते. मग म्हणाले, "ध्रुव बी हलतोय व्हय रं?"

दोन प्रती काढल्या. एक जिन्याजवळ टांगली. दुसरी पाटलांच्या फोटोंबरोबर आज पोस्टानं पाठवली, माझ्याकडून भेट. मागं लिहिलं — 'आपल्या अंगणातील आभाळ. रवळू.'

गुरुवार, ११ फेब्रुवारी

लोक जिना चढतात आणि थांबतात. एक म्हातारा नमस्कार करून गेला. मी आज तिकडं बघत सायकलवर आपटलो.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

सगळं ओळीनं लिहितो.

दुपारी फौजदार आला. त्याचं काम असतं अधूनमधून, फोटोवरून फोटो काढायचं. जिन्यात थांबला. "हे काय रे?"

मारुतीराव फुशारकीनं, "आमच्या रवळूनं काढलाय, साहेब. तारे हायत ते. निपाणीकडं, बाळगोंडा पाटलांच्या मळ्यात."

फौजदार टेबलाकडं आला. खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत लग्नाचा फोटो. मुंडावळ्या बांधलेला एक उंच मुलगा, नाकावर तीळ. शेजारी नवरी.

नवरी तारामती!

"आप्पाण्णा बाळगोंडा पाटील," फौजदार म्हणाला. "त्याचाच पोरगा. ऑगस्टात चावडीतले कागद जाळले, तवापासनं फरार. ह्याच्या तोंडाच्या वीस प्रती पाहिजेत, ठाण्या-ठाण्यात लावायला. बाप पोलीस पाटील, आणि दर हप्त्याला लिहून देतोय — मुलगा गावात आला नाही." मग हसला. "माणूस खोटं बोलत न्हाय म्हणे. जैन."

पुण्याला असतोय न्हवं...

तो पुन्हा जिन्याजवळ गेला. नाक फोटोला लागेल इतका वाकला. "ही खाली रेघ कसली?"

मी कधी खाली बघितलंच नव्हतं! देवाशप्पथ. आठ दिवस वरच बघतोय. म्हटलं, "ओरखडा असंल, साहेब. काच घासली असंल कुठंतरी."

"ओरखडा थांबत थांबत जातो व्हय?"

"...पाण्याचा ठिपका बी असंल."

"हं." काठी बोटांत फिरवली. "आमच्या साहेबाला असल्याचा नाद हाय. एक मोठा काढ. हातभर. ओरखडा पुसून दे, साहेबाला असला मळका द्यायचा न्हाय. सोमवारी येतो. काच बी ठेव बाहेर, मला बघायचीय."

गेला. जिन्याची प्रत मी काढून उशीखाली ठेवली आहे. अजून नीट बघितली नाही. भीती वाटते.

शनिवार, १३ फेब्रुवारी

बघितलं. रीटचिंगचं भिंग लावून बघितलं.

ओरखडा नाही. घराच्या कोपऱ्यापासून निघते. बारीक, भुईलगत, जरा वरखाली होत जाते — माणूस चालताना हातातली वस्तू हलते तशी. खळ्याजवळ एक ठिपका. बांधावर एक. असे चार ठिकाणी थांबलेली. शेवटचा ठिपका सगळ्यांत ठळक, खोपीच्या दाराशी. तिथून परत येते, पहिल्या रेघेच्या किंचित वर.

दिवा आहे तो. हातात धरलेला, खाली धरलेला दिवा. ज्या घरात बारा वर्षं दिवा नाही, त्या घरातून खोपीपर्यंत.

आणि खोपीत खोकला.

मीच सांगितलं तिला. चालतं माणूस उमटत नाही. खरंच सांगितलं! माणूस कुठं उमटलंय? दिवा नसणारच, हे मी धरून चाललो होतो — म्हणून तर तो मळा निवडला! तिनं विचारलं ते कशासाठी, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी राखेचं गाडगं बांधत होतो.

राखही तिनंच दिलेली.

हे लिहावं का? लिहून झालंय. वही फोटो धुवायच्या हायपोच्या डब्यामागं ठेवतो. उद्या निपाणी. पाटलांच्या घरची प्रत आणलीच पाहिजे. फौजदार त्यांच्याकडंही जातो, पुढच्या ओसरीत, सोप्यात बसतो. मारुतीरावांना म्हटलं, बैलांच्या फोटोत चूक राहिलीय. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पाच काचांत चूक का सहाव्या?" आणि मोटारीला द्यायला स्वतःच्या खिशात हात घातला. कंबर धरलेली आहे अजून.

रविवार, १४ फेब्रुवारी
परत बेळगाव, उशिरा

मोटार कोळशाच्या गॅसवर चालते आता. तवंदीच्या घाटात बसली. सगळे उतरलो, ढकलली. एरवी मला असलं आवडतं. आज प्रत्येक मिनिट पायात मोडत होतं. शेजारी एक बाई कोंबडी धरून ढकलत होती, ते एवढं मात्र बघितलं.

मळ्यात पोचलो तर सूर्य दोन कासरे वर. सोप्यात भिंतीवर माझा फोटो! चांगली चौकट करून, बैलांच्या शेजारी. जवळ गेलो — आणि खाली भुईच नाही. खोप नाही, खळं नाही. नुसतं आभाळ. खालचं चार बोटं मागं दुमडून चौकटीत बसवलेलं.

"खाली भुईच व्हती," मागून पाटील म्हणाले. "भुई रोजच बघतोय. म्हणून मुडपली."

मी वळलो. त्यांचा चेहरा बैल शर्यतीला उभे असताना होता तसाच. काहीच दिसत नव्हतं त्यावर.

म्हणजे त्यांनी बघितलं. फोटो हातात आला त्याच दिवशी बघितलं असणार. त्याआधी ठाऊक होतं का नाही, कुणास ठाऊक. राखणदार न्हाय म्हणून मला सांगितलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

गोठ्याकडं चालत गेले, मी मागं मागं. मी म्हटलं, "आप्पा, काच बेळगावात हाय. तिच्यात भुई बी हाय." ते पांढऱ्याच्या गळ्याची पोळी खाजवत होते. "फौजदारानं बघितलीय. आप्पाण्णांचा फोटू आणला हुता त्यानं. उद्या परत येणार, काच बघायला."

हात थांबला. तेवढंच.

"ह्या हप्त्याचा कागद मी अजून लिवला न्हाय," ते म्हणाले. कोणता कागद, ते मला कळलं — मुलगा गावात आला नाही. "आजवर खोटं लिवलं न्हाय. बगितलंच न्हवतं, म्हणून लिवत हुतो. आता..." बैलानं मान पुढं केली, त्यांनी पुन्हा खाजवायला सुरुवात केली. मग एकदम, "जेवून घे रं पोरा. दिवस हाय तवर."

चंपाबाईंनी वाढलं. भाकरी ताटाबाहेर पडली. पाटलांनी ताटाला पाणी लावलं आणि उठले, न खाता.

तारामती विहिरीवर फडक्यानं पाणी गाळत होती. माझ्याकडं बघितलं नाही. गाळणं सोडवून पुन्हा बांधत बसली.

"तुमी म्हनला हुता, चालतं मानूस उमटत न्हाय."

"माणूस उमटलं न्हाय, वैनी. दिवा उमटला." काय बोलतोय मी! तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. "तुम्ही अंधारातनं का गेला न्हाई? वाट तर पायाखालची."

तेव्हा तिनं वर बघितलं. "बिन दिव्याचं कसं जायाचं? पायाखाली जीव येतोय की, दादा. रातीचं किडं-मुंगी, गोगलगाई. चार डाव तर थांबले मी, बाजूला करायला."

चार ठिपके.

दिवा लावला तर नेम मोडतो, नाही लावला तर जीव जातो. आणि या सगळ्यातून ती आजारी नवऱ्याकडं, खोपीपर्यंत. "कसा हाय?" एवढंच विचारलं.

"ताप उतरंना. बारा दिस झालं. तंबाखूच्या धुळीत खोकून खोकून रगत पडतंय. वैद्याला कसं आणायचं?" पाण्यात बघत म्हणाली, "आता जावा तुमी. मामंजी बगत्यात."

रस्त्यावर परतीची मोटार सुटत होती, मी पळालो. परतीला घाटात ढकलायला लागलं नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी, पहाट

खरवडली.

काच फोडणार होतो. हातात उचलली पण होती. फोडली तर फौजदार विचारणार, का फोडली? मग सुचलं — तो म्हणालाच आहे, ओरखडा पुसून दे. ठीक आहे! रीटचिंगचा चाकू. नवरीच्या गालावरचा डाग काढतो तसा. काचेवर दिवा काळा असतो. तो खरवडला की काच स्वच्छ, आणि छापली की तिथं नुसती रात्र.

घरापासून सुरुवात केली. श्वास धरून. खळं, बांध. खोपीच्या दाराशी आलो तेव्हा हात थांबला. एवढ्या आभाळात ताऱ्यांच्या सगळ्या रेघा सारख्या, न चुकता, न थांबता. ही एकच होती थांबत थांबत गेलेली. सगळ्यात चांगली हीच उमटली होती आणि मी ती आठ दिवस बघितलीच नाही.

खरवडली. आता तिथं खराच ओरखडा आहे.

सोमवार, रात्री

तो आला. मोठी प्रत बघून खूश. "साहेब नाचंल!" मग हात पुढं केला. "काच."

खिडकीकडं धरली. अंगठा फिरवला खालून. एकदा. पुन्हा. "हा ताजा हाय."

"तुम्हीच म्हणाला हुता साहेब, पुसून—"

फाड्! मारुतीरावांनी अशी मारली की कानात घंटा वाजली. "गाढवा! कितींदा सांगितलं चाकू आडवा धरायचा म्हणून! सोन्यावानी काच, आणि ह्यानं खुरप्यानं भांगलल्यागत केलीय! साहेब, नऊ महिने शिकवतोय ह्याला, नऊ महिने! बैल बरा!" आणि दुसरी उगारली. फौजदारच मधे पडला, "असू दे, असू दे मारुतीराव, पोरगं हाय." हसायलाही लागला.

प्रत गुंडाळून काखेत घेतली. जिन्यात वळला. "बुधवारी निपाणीकडं जातोय. मळा एकदा बघून येतो. चित्रात बरा दिसतोय."

बूट खालपर्यंत वाजत गेले. मारुतीराव खुर्चीत बसले. कंबर धरून. "लागलं का रं?"

"न्हाय, अण्णा."

"लागायला पाहिजे हुतं," म्हणाले. मग उठले. "मला काय सांगू नको. मला काय म्हाईत न्हाय." त्या वीस प्रतींचं काम हातात घेतलं आणि पहिलीच इतकी फिकट काढली की आप्पाण्णाच्या नाकावरचा तीळ दिसेना. माझ्याकडं न बघता दुसरीही तशीच काढली.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

मोटार नाही! लष्करानं नेली म्हणे दोन दिवसांसाठी. तीनदा अड्ड्यावर जाऊन आलो. चालत गेलो तर उद्या संध्याकाळपर्यंतही पोचत नाही. सायकलवाला माझं नाव ऐकून दार लावून घेतो, जुनी गोष्ट आहे ती.

त्यांना सोमवारचं ठाऊक आहे. बुधवारचं नाही.

बुधवार, १७ फेब्रुवारी, दुपार

आत्ता तो तिथं असेल. सोप्यात बसला असेल. मुडपलेल्या फोटोखाली.

बुधवार, दिवेलागण होऊन गेली

खाली गाडी थांबली. दारूच्या नाहीतर लाकडाच्या वखारीची असेल म्हणून उठलो नाही. मग घुंगरं ऐकली आणि खिडकीशी गेलो.

ते बैल मी कुठंही ओळखीन, माझ्या तीन काचा खाल्ल्यात त्यांनी! डावा पांढरा, उजव्याच्या कपाळावर काळं पान. दोघंही फेसाळलेत, माना खाली. पंचेचाळीस मैल! सोमवारीच निघाले असणार. गाडीत कडबा रचलाय.

जुवाशेजारून बाळगोंडा पाटील येतायत. हातात पेटलेला कंदील. खाली धरलाय, पायाशी. एक पाऊल टाकतात, वाकून बघतात, थांबतात, मग दुसरं टाकतात.

कडब्यात कुणीतरी खोकलं. खोपीतला तोच खोकला. मारुतीराव दोन-दोन पायऱ्या सोडून जिना उतरतायत—